तोंडओळख

लाकडी सामान दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या डोक्यावर एक लांबट खोली होती. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांचा वर्ग तिथे भरायचा. आधी चित्र काढायचं, मग त्याच चित्रावरून काहीतरी लिहायचं. शिकवणारी बाई पुस्तकांसाठी चित्रं काढून पोट भरायची. मुलं तिला ताई म्हणायची. लहानमोठी सगळी एकाच लांब टेबलाभोवती बसत. कुणाच्या आईबाबांना शाळा पटत नव्हती, कुणाला तब्येतीने साथ दिली नव्हती. जुळ्या भावांच्या बाबतीत तर म्हणे शाळेनेच हात टेकले होते.

चौदा वर्षांची ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिची आई तिच्यादेखतच बोलली.

"हुशार आहे हो, पण माणूसघाणी. सख्खी मावशी समोर उभी राहिली तरी ओळख दाखवत नाही. शाळेत तर मैत्रिणींनी वाळीतच टाकलं. घरी सगळे हिला घुमीच म्हणतात."

मुलगी ताईंच्या बुटांकडे बघत होती.

पण घुमी मुळीच घुमी नव्हती. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, रंग वाळल्यावर फिका का होतो? मग, पांढऱ्या कागदावर पांढरी मांजर कशी काढायची? मग, गोष्टीतल्या माणसाला स्वतःचा शेवट आधी ठाऊक असतो का? ताईंना तिच्या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता पुरेवाट व्हायची आणि मजाही यायची.

जुळ्यांना ताई थोरला आणि धाकटा म्हणत, पण कोण कुठला हे त्यांना कधीच कळायचं नाही. दोघे सारखे शर्ट घालून येत आणि जागा बदलून बसत. एकदा असेच बसले असताना घुमी मान वर न करता म्हणाली, "ए थोरल्या, त्याचा ब्रश ठेव खाली."

दोघांची तोंडं उघडीच राहिली.

"तुला कसं कळलं?" ताईंनी विचारलं. "यांची आजीसुद्धा फसते."

"हा शेवटची पायरी उडी मारून चढतो. आणि धाकटा बोलायच्या आधी नाकाने श्वास ओढतो. एवढं सोपं आहे," घुमी म्हणाली. इतरांना हे कसं दिसत नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

पुढे एकदा ताईंनी समोर बसलेल्याचं चित्र काढायला सांगितलं. घुमीने थोरल्याला पाठमोरा काढला. डोक्यावरचा भोवरा, एक खांदा किंचित उतरलेला, वर टोकदार झालेला कान. चित्र बघताच सगळ्यांनी एका सुरात त्याचं नाव घेतलं. धाकट्याने तर स्वतःचा कान चाचपून पाहिला.

"छानच आहे. पण समोरून का नाही काढलंस?"

"समोरून काढलं तर तो कोण आहे ते कसं कळणार?"

मुलं हसली. ताईही हसल्या, पण ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना.

पुढच्या आठवड्यात ताईंनी लांब वेणी कापून टाकली. भिंत रंगवायची म्हणून त्या नवऱ्याचा जुना सदरा घालून आल्या होत्या आणि सर्दीने आवाज पार बसला होता. घुमी जिना चढून आली, दारात थबकली आणि अदबीने म्हणाली, "ताई अजून आल्या नाहीत. तुम्हाला दुकानात काम असेल तर खाली विचारा."

जुळे खो खो हसत सुटले. घुमीचे कान लालबुंद झाले. ती मागे वळून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली.

ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी जुळ्यांना पाणी भरायला पिटाळलं आणि तिच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"मला ओळखलं नाहीस ना? खरं सांग. मी रागावणार नाही, मला फक्त समजून घ्यायचंय."

तिने पायरीचा कोपरा नखाने खरवडला. मग म्हणाली, "तुम्ही लोक चेहऱ्यात बघता तरी काय? दोन डोळे, एक नाक, एक तोंड. सगळ्यांचं तेच. बघत असते तोवर दिसतं, नजर हटली की गेलं. मला वाटायचं सगळ्यांचंच असं होतं. बाकीच्यांचं पाठांतर चांगलं असेल."

"आणि मावशी?"

"तिने केस रंगवले होते."

ताईंनी तिला विचारून त्या दिवशीचा विषय बदलला. जिला चेहरे लक्षात राहत नाहीत, तिला चेहरा म्हणजे काय ते समजावून सांगा. मुलं कागदावर तुटून पडली आणि थोड्याच वेळात पेन्सिली चावू लागली. घुमी मध्ये बसून वकिलासारखी उलटतपासणी घेत होती.

"म्हणजे दोन डोळ्यांमधलं अंतर मोजता?"

"छे!"

"मग?"

"बघितलं की कळतं."

"हे काय उत्तर झालं?"

आठ वर्षांच्या चिमुरडीने लिहिलं, चेहरा म्हणजे माणसाचं नाव, पण अक्षरं नसलेलं. धाकट्याने लिहिलं, आमचा चेहरा म्हणजे एकच चावी आणि दोन कुलपं. घुमीने सगळे कागद मन लावून वाचले. "कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. हे मात्र तिला फार आवडलेलं दिसलं.

तिची आई घ्यायला आली तेव्हा ताईंनी तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. आई औषधांच्या दुकानात काम करायची, तिला हे आधी पटेना. "डोळे तपासलेत हिचे. नंबरसुद्धा नाही." मग तिला मावशीचे रंगवलेले केस आठवले आणि ती डॉक्टरांचा पत्ता विचारू लागली. मोठ्या डॉक्टरांनी पुढे तेच सांगितलं: डोळे ठणठणीत आहेत, पण मेंदू चेहऱ्यांची खूण ठेवत नाही. जन्मापासूनचं आहे, औषध नाही. मात्र पोरीने आपली वाट आपणच शोधली आहे.

डॉक्टरांकडून घरी परतताना आईने भीत भीत विचारलं, "मला तरी ओळखतेस ना गं?"

"तू चाव्या बोटात फिरवतेस. नाहीतर औषधांचा वास येतो. पण सहलीवरून आले तेव्हा तू न हलता, न बोलता उभी होतीस. तेव्हा आधी दोन बायकांकडे गेले होते."

आई रस्त्याच्या कडेला कट्ट्यावर बसली. आधी रडली, मग त्या दोन बायका कशा दिसत होत्या ते विचारू लागली आणि आपण हे काय विचारतोय ते कळून हसत सुटली.

वर्गात मुलांनी आत येताच आपलं नाव सांगायची पद्धत पाडली. जुळे अर्थातच खोटं सांगत आणि दर वेळी पकडले जात. सगळं कळल्यावर मावशी फोनवर हमसून रडली.

काही महिन्यांनी घुमीने आईला खिडकीपाशी बसवून समोरून काढायला घेतलं. पेन्सिल धरून कपाळ मोजलं, हनुवटी मोजली. पुन्हा पुन्हा खोडलं. शेवटी कागद आईपुढे धरला.

"तुझ्यासारखी दिसते का? मला नाही सांगता येणार, तूच सांग."

आईने कागद खिडकीच्या उजेडाकडे वळवला.

"नाक जाड काढलंस."

"नाक तर सगळ्यात नीट मोजलंय," घुमी म्हणाली.