झबल्याची किनार

काकांनी कोकराचं काळीज डाव्या तळहातावर घेतलं आणि पहिल्या उजेडाकडे धरलं. माझी लेक दम्का घरी दासीच्या मांडीवर तापानं फणफणत होती. ती वाचेल का, एवढंच सूर्यदेव शमशला विचारायचं होतं. प्रश्न काकांनी आधीच कोकराच्या कानात सांगितला होता, आजाऱ्याच्या कपड्याची किनार त्याच्या गळ्यात बांधली होती आणि मग सुरी चालवली होती. किनार ज्याची, उत्तर त्याचं.

"उजवी बाजू स्वच्छ. पित्ताची पिशवी भरलेली," किसिर-अश्शूर काका म्हणाले. "जगणार!"

सासूबाईंना रडू फुटलं. "ऐकलंस? आणि तू सुतकी तोंड करून बसलेलीस! आधी त्या मंत्रवाल्याला घालव. कडू पाजून पाजून पोर अर्धी केलीय मेल्यानं."

मी कोकराच्या गळ्यातल्या किनारीकडे पाहिलं. दम्काचं झबलं उलटीनं माखलं होतं. विटाळानं काळीज खोटं बोलेल, या धास्तीनं मी माझ्याच शालीची किनार कापून दिली होती. आई काय नि लेक काय, रक्त एकच, अशी मनाची समजूत घातली होती.

"काका, ती किनार माझी होती."

सासूबाईंचा हुंदका तिथेच अडकला.

"झबलं घाण होतं, म्हणून..."

"अगं वेडे! कपडा मळका असेल, माझा हात अशुद्ध असेल, तिकडे बघू नकोस देवा, असं प्रश्नाआधीच म्हणतो ना मी? रोज म्हणतो. लेखनिकाची लेक तू, एवढं ठाऊक नाही?"

"मग दम्काचं काय?"

"तिचं कुणी विचारलंच नाही." त्यांनी काळीज खाली ठेवलं. "तू जगशील, पोरी. चांगली म्हातारी होशील."

एवढा वाईट शाप मला कुणी दिला नव्हता.

"दुसरं कोकरू आणते. आत्ता!"

"सूर्य वर आला. आता उद्या उजाडताना."

मला वाटलं, सासूबाई आता तोंड सोडतील. त्यांनी नुसतं डोक्यावरचं वस्त्र सारखं केलं. "कोकराचं मी बघते. तू घरी पळ. आणि त्या मंत्रवाल्याला जाऊ देऊ नकोस."

झबलं कोपऱ्यात तसंच पडलं होतं, वाळून कडक झालेलं. मी त्याची किनार कापली, मुठीत धरली आणि दम्काला मांडीवर घेतलं. ओल्या बोटानं तिचे ओठ पुसले.

"उद्यापर्यंत थांब गं बाई," मी म्हटलं. "तुझं विचारायचं राहिलंय."

तिनं डोळे उघडले नाहीत. ऊन अजून अंगणातही उतरलं नव्हतं.