पांढरा सदरा आणि निळा झगा

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. पोट पितळेचं, मूठ लाकडी आणि स्वभाव तापट. हल्ली शिंपीणबाईंच्या दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला तिथे टेकवून ठेवतात. ठेवू देत. मित्रांनो, माझा राग त्यावर नाही.

मला विकत घेतलं एका इस्त्रीवाल्याने. त्याला दोन लेकरं. थोरल्याला सगळे मुलगा म्हणत, पण ते लेकरू लहानपणापासून सांगे, "मी मुलगी आहे." लोक हसत. वयात आल्यावर एका सकाळी ती आईचा झगा घालून दुकानात येऊन उभी राहिली. गिऱ्हाइकांनी तोंडं फिरवली. बाप पुढे झाला. मग माझी मूठ तिच्या हातात देऊन म्हणाला, "निखारे विझतायत, पोरी. हात चालव."

तिने जन्मभर हात चालवला. मला कापडाला लावण्याआधी ती ओल्या फडक्यावर टेकवायची आणि चर्र आवाजावरून माझा ताप ओळखायची. तिच्या हातून एक धागा करपला नाही.

आणि गल्लीतली मंडळी? कपडे द्यायची ती बोटांच्या टोकांनी, घडी मात्र कडक हवी! त्यांच्या लग्नाचे कोट आम्ही केले, पण आमंत्रण कधी आलं नाही. एका बाईने तर तोंडावर सांगितलं, "कार्याच्या दिवशी दाराशी येऊ नकोस हं."

"बरं," थोरली म्हणाली, "कोट तरी आत घ्या. त्याला माझेच हात लागलेत."

ती कधी लपली नाही. नाक्यावर टोमणे मारणाऱ्यांना ती पुरून उरली. हळूहळू गल्लीची जीभ वळली आणि ती सगळ्यांची ताई झाली. फक्त धाकट्या भावाची झाली नाही. त्याचं शिक्षण माझ्याच चटक्यांवर झालं, पण मोठा साहेब होऊन जो गेला तो फिरकलाच नाही. मला तर त्याने कधी हातही लावला नव्हता.

ताई म्हातारी झाली आणि एका सकाळी उठलीच नाही. तेव्हा मात्र भाऊ धावत आला. पिशवीत पांढरा सदरा आणि पँट.

"आयुष्यभर शोभा केली," तो म्हणाला, "निदान जाताना तरी माणसासारखं जाऊ दे."

माणसासारखं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सदरा चुरगळला होता. त्याने माझ्यात कोळसे भरले, फुंकून फुंकून लाल केले आणि मला थेट सदऱ्यावर ठेवलं. ओलं फडकं त्याला कुठून माहीत असणार? धूर निघाला. पाठीवर माझ्या आकाराचं भोक पडलं. खोटं कशाला बोलू, मला जराही वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात समोरच्या शिंपीणबाई आल्या. हातात ताईचा निळा झगा, त्यांनीच शिवलेला.

"बाजूला हो," त्या म्हणाल्या. "तिने मला सांगून ठेवलं होतं, जाताना हाच घाला."

"लोक काय म्हणतील? माझा भाऊ होता तो!"

"लोक बाहेर उभे आहेत. जा, विचार त्यांना. ते ताईला पोचवायला आलेत. तुझ्या भावाला इथे कोणी ओळखत नाही."

तो बाजूला झाला. बाईंनी माझा करपलेला तळ पुसला, ओल्या फडक्यावर टेकवला आणि झग्याची एकेक चुणी मोडली. ते माझं शेवटचं काम.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवलं नाही तरी चालेल. पण कोणी तुम्हाला सांगितलं की मी अशी आहे, मी असा आहे, तर तशीच हाक मारा, आणि ती ऐकायला माणूस आहे तोवर मारा. त्या भावाने तिला एकदाही ताई म्हटलं नाही, त्या दिवशीसुद्धा नाही. माझ्यातले कोळसे केव्हाच विझले, पण मी अजून तापलेलीच आहे.