एक्कावन्न काळ्या टोपल्या आणि माझे सात टाके

मी एक जुनी बांबूची टोपली आहे आणि माझ्या कडेला सात टाके आहेत. मित्रांनो, टोपलीला टाके कसले, असं तुम्ही विचाराल. माणसाच्या डोक्याला पडतात तसेच, फक्त तारेचे. तलवारीचा घाव आहे तो. हसू नका. मी खोटं बोलत नाही. खऱ्याला कधीकधी जरा फुगवते, एवढंच.

माझं सगळं कुळच दांडगं. ज्या बेटात माझा बांबू वाढला, त्या बेटाने एकदा एका माजलेल्या रेड्याला तीन दिवस आवळून धरलं होतं. चौथ्या दिवशी रेड्याने मान खाली घातली, तेव्हा कुठे सोडलं. पुढे त्या बांबूवर कुऱ्हाड पडली आणि तो उज्जैनला देवास गेटपाशी बसणाऱ्या मीनाबाईच्या हाती आला. तिने कोयत्याने मला उभं चिरलं, साल सोलली, कामट्या पाडल्या आणि गुडघ्याखाली दाबून माझ्या एकेक बरगडीला वाक दिला. मी करकरले तर म्हणाली, "चुप रह. अभी झुक गई तो बाद में टूटेगी नहीं." एवढा मार खाऊन मी टोपली झाले.

मला विकत घेतलं चारुलताने. ती फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत राहते. डोहाळजेवण, मुंज, साखरपुडा, गावातल्या मराठी घरात काहीही असलं की भेटीच्या टोपल्या चारुलताकडच्या. मी तिची नमुन्याची टोपली. नवीन काही सुचलं की आधी माझ्यात भरून बघायची. प्रत्येक नारळ कानाशी हलवायची, प्रत्येक डबी उघडून वास घ्यायची, रेशमी दोरीची गाठ दातांनी आवळायची.

एकदा ती मला पेढ्यांनी भरून राम घाटावर घेऊन गेली आणि अकरा वानरं आमच्यावर तुटून पडली. चावे, ओरबाडे, शेपट्यांचे फटके. त्यांच्या पुढाऱ्याने मला डोक्यावर ओढलं आणि मी त्याच्या कानांत अशी रुतले, की तो क्षिप्रा पोहून पलीकडे जाईपर्यंत निघाले नाही. चारुलता सांगते की वानर एकच होतं आणि मी पायरीवरच पडून राहिले होते. तिची आठवण जरा कच्ची आहे.

तर असे ते दिवस होते, कष्टाचे आणि कौतुकाचे. मग एके दिवशी तिचा नवरा मंदार मोबाइल नाचवत आला.

"चारू, दिवसाला आठ टोपल्या म्हणजे काय धंदा झाला यार? ड्रॉपशिपिंग करू. माल आपण ठेवायचाच नाही. गिऱ्हाईक आपल्या साइटवर ऑर्डर देणार, आपण ती पुरवठादाराला पाठवणार, आणि तो तिकडूनच टोपली भरून थेट गिऱ्हाइकाच्या दारात पोचवणार. आपण फक्त बटन दाबायचं."

"आणि आत काय भरलंय ते कोण बघणार?"

"फोटो आहे ना साइटवर."

फोटो माझा होता, मित्रांनो. लाल खण, सोनेरी दोरी, पोटात सुकामेवा. चेहरा माझा आणि माल कुणा दूरच्या व्यापाऱ्याचा, ज्याला मी कधी पाहिलं नाही आणि ज्याने मला कधी शिवलं नाही. पण धंदा वाढला, हे कबूल करायला हवं. ग्वाल्हेर, पुणे, दुबई. चंद्रावरूनही एक ऑर्डर आली होती, पण पत्ता अपुरा निघाला. मी मात्र कपाटावर धूळ खात पडले. झुरळं माझ्या बुडाशी संसार करू लागली.

आणि मग ठरला निहारिकाचा साखरपुडा. निहारिका म्हणजे चारुलताची धाकटी बहीण. मुलगा विहंग, फार चांगला. दोघांचं चार वर्षांपासून ठरलेलं. अडचण एकच, त्याचे वडील भय्यासाहेब. पूर्वज दरबारात कारभारी होते आणि तो दरबार यांच्या नाकावर अजून भरतो. त्यांचा होकार मिळवायला निहारिकाला दोन वर्षं लागली होती. "मानपानात एक चूक झाली तर मी उठून जाईन," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

वरपक्षाच्या एक्कावन्न पाहुण्यांना एक्कावन्न टोपल्या द्यायच्या होत्या. चारुलता म्हणाली, घरी भरू. मंदार म्हणाला, "हाताने भरायला आठवडा जाईल. पुरवठादाराला सांगितलंय, पारंपरिक मराठी भेट पाठव. तो डायरेक्ट हॉलवर पाठवून राहिलाय. टेन्शन नको घेऊस."

हीच ती चूक. त्या भल्या माणसाकडे मराठी भेट म्हणून एकच माल होता, संक्रांतीचा. आमच्यात वर्षातून एकदा, संक्रांतीला, काळं शुभ. काळी साडी, हलव्याचे दागिने, तिळाचे लाडू. पण आता रथसप्तमी उलटून आठवडा झाला होता, आणि साखरपुड्यात तर काळा दोराही कुणी दिसू देत नाही.

मी हॉलमध्ये होते. साखरेचा पुडा आणि नारळ ठेवायला चारुलताने मला कपाटावरून काढून पुसलं होतं. एक्कावन्न बंद खोकी आली ती तशीच पाहुण्यांच्या हाती गेली. भय्यासाहेबांनी पहिलं खोकं उघडलं. आत टोपली, तिच्यात तिळाचे लाडू आणि हलवा, भोवती काळा खण, काळी दोरी, आणि वर छापील चिठ्ठी, 'गोड गोड बोला'.

हॉल असा गप्प झाला, की मला झुरळांचा श्वास ऐकू आला.

"जावईबुवा," भय्यासाहेब मंदारला म्हणाले, "हा साखरपुडा आहे की माझं तेरावं?"

"भय्यासाहेब, मिस्टेक झाली. सप्लायरनं तिकडून..."

"म्हणजे तुम्ही उघडूनसुद्धा बघितलं नाही."

 तेवढ्यात आमच्या बाजूचा कुणी चुलता पुटपुटला, "फुकटच्या टोपलीत एवढं काय बघायचं." आणि भय्यासाहेबांनी ती टोपली त्याच्या तोंडावर हाणली.

मग जे माजलं ते माजलं. तिळाचे लाडू दगडासारखे कडक होते. पहिल्याच लाडवाने चुलत्याचा दात पाडला. काटेरी हलवा छऱ्यांसारखा उडू लागला. खुर्च्या उचलल्या गेल्या, एकाची कॉलर दुसऱ्याच्या मुठीत, दुसऱ्याचा कान तिसऱ्याच्या. फेटेवाले दोघं एकमेकांचे फेटे सोडवून एकमेकांना बांधत होते. खुर्चीच्या पायाने मंदारची भुवई फोडली आणि रक्त त्याच्या पांढऱ्या कुडत्यावर उतरलं. पायाखाली चिठ्ठ्या तुडवल्या जात होत्या, 'गोड गोड बोला', 'गोड गोड बोला'. विहंग मध्ये पडला तर दोन्हीकडून त्यालाच बसलं. निहारिका ओरडत होती, "बस करा, माझं लग्न मोडून राहिलात तुम्ही सगळे," आणि कुणी ऐकत नव्हतं.

भय्यासाहेबांच्या घरची एक रीत आहे, मंगलकार्यात पूर्वजांची तलवार सोबत आणायची आणि देवाशेजारी ठेवायची. दीडशे वर्षांत ती म्यानातून निघाली नव्हती. त्या दिवशी निघाली. धार बोथट असेल, पण हात रागाचा होता. मंदारच्या दिशेने ती खाली येताना चारुलताने हातात होतं ते पुढे केलं, म्हणजे मला. नारळ उडाला, साखर उधळली आणि लोखंड माझ्या कडेत बोटभर घुसलं.

मित्रांनो, दुखलं. खोटं कशाला सांगू. पण मला माझं बेट आठवलं, तो रेडा आठवला, मीनाबाईचा गुडघा आठवला. मी सगळ्या कामट्या आवळल्या आणि तलवार धरली. भय्यासाहेबांनी ओढली, मी सोडली नाही. त्यांनी खुर्चीला पाय लावून ओढली. मी सोडली नाही. शेवटी ते धापा टाकत खाली बसले, आणि तेव्हा त्यांना दिसलं की ज्या डोक्यावर ती तलवार पडणार होती ते माणसाचं होतं. त्यांनी मूठ सोडली.

"झालं समाधान, भय्या?" त्यांची थोरली बहीण, अहल्याआत्या, इतका वेळ भिंतीशी बसून तिळाचा लाडू फोडायच्या प्रयत्नात होती. ती उठली. "उठून जाणार होतास ना? जा. चप्पल तेवढी शोधून घे, एक मी फेकलीय."

"ताई, काळा खण आलाय आपल्या कार्यात."

"दिसतंय मला. खण चांगला आहे." तिने काळा खण झटकून खांद्यावर टाकला. "लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळं कुणी द्यायचं? आपणच ना? मग सामान आधी आलं, एवढंच झालंय. हे सगळे खण मी ठेवून घेतेय, निहारिकासाठी. आता एक्कावन्न खणांची सून घरी न्यायची नाही, तर मी काय त्यांचे पडदे शिवू?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटतं, दात पडलेला चुलताच असावा.

भय्यासाहेबांनी मंदारच्या भुवईकडे बघितलं. मग स्वतःचा फेटा फाडून त्यांनी पट्टी बांधली, वाईट बांधली, पण बांधली. "रिकाम्या टोपल्यांत काय भरायचं ते सांगा, सूनबाई," ते निहारिकाकडे न बघता म्हणाले. तेव्हा सगळे जमिनीवर बसले, सुजलेल्या हातांनी, आणि हॉलच्या स्वयंपाकघरातले नारळ, केळी, जिलबी, उधळलेली साखर जे मिळेल ते भरत गेले. चारुलताने प्रत्येक टोपली उघडून पाहिली. नारळ मंदारने कानाशी हलवले.

माझी कड चारुलताने तारेने शिवली. सात टाके. ड्रॉपशिपिंग अजून चालू आहे, मित्रांनो, धंदा कुणी बुडवत नाही. पण आता पुरवठादाराची प्रत्येक नवी टोपली आधी टावर चौकामागे येते, माझ्या शेजारी बसते, उघडली जाते, हुंगली जाते. साइटवर माझा फोटो टाक्यांसकट आहे. यंदाच्या संक्रांतीला निहारिका काळ्या खणाची चोळी आणि हलव्याचे दागिने घालून बसली होती, आणि भय्यासाहेब तिळाचा लाडू फोडायला तलवारीची मूठ वापरत होते.

माझं एवढंच मागणं आहे. मला चिरा, वाकवा, दाबा. ते सगळं सोसून मी टोपली झाले. पण माझ्यात काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला कुणाच्या हाती देऊ नका. न उघडता दिलेली भेट दुसऱ्याच्या दारात जाऊन उघडते, आणि तिथे तुम्ही नसता.

आणि रेड्याची गोष्ट अजून पटली नसेल, तर घरी येऊन माझ्या टाक्यांपाशी बोट घालून बघा. फक्त वेळेत काढा.