हळदीतला पेपर

खाडीकाठ विद्यापीठ जन्माला आलं तेच एका मंत्र्याच्या तोंडून. सभेत टाळ्या कमी पडत होत्या, म्हणून त्यांनी "तुम्हाला विद्यापीठ दिलं!" असं ठोकून दिलं. टाळ्या पडल्या आणि विद्यापीठ सरकारच्या गळ्यात पडलं. पुढे सरकारं बदलत गेली, प्रत्येकाने आपापली कोनशिला बसवली; इमारत मात्र कुणालाच सुचली नाही. वर्ग भाड्याच्या शाळांत, ऑफिस बेलापूरला एका बँकेच्या डोक्यावर. परीक्षा आठवेल तेव्हा.

बोनकोड्याची नमिता इथेच बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. तिचा राज्यशास्त्राचा शेवटचा पेपर आधी फुटला म्हणून पुढे गेला, मग संपामुळे, मग निवडणुकीमुळे. या पेपरापायी तिने जासईच्या तेजसशी ठरलेलं लग्नही एकदा लांबवलं होतं. अखेर विद्यापीठाने तारीख दिली, ती नेमकी हळदीची.

त्यात केंद्राच्या शाळेत मतपेट्या ठेवलेल्या. म्हणून पेपर हलवला गावातल्या लग्नाच्या हॉलमध्ये, वरच्या मजल्यावर. खाली नमिताची हळद.

"पेपर फुडच्या वर्षी बी येल," तिची आई पुतळा म्हणाली. "हलद लागलेली नवरी भायेर नाय जात."

"बाहेर कुठं जाते, आई? जिना तर चढतेय."

पुतळा वळून बघेपर्यंत नमिता पदर खोचून वर पोचलीसुद्धा.

दारात केंद्रप्रमुख मधुकर सर उभे होते. दादरहून कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये आलेला सज्जन माणूस, पण नियमावली तोंडपाठ. त्यांनी हॉल तिकिटावरचा फोटो पाहिला, मग कानापर्यंत माखलेलं नमिताचं तोंड.

"चेहरा जुळत नाही. धुऊन या."

"सर, हळद धुतली तर आई मला धुवेल."

"नियम म्हणजे नियम."

नमिताचे डोळे भरून आले. तेवढ्यात हळदीची वाटी घेऊन पुतळा जिना चढून आली. आली होती मुलीला ओढून न्यायला. पण "धुऊन या" कानावर पडलं आणि तिचं डोकं फिरलं.

"माज्या पोरीची हलद धुवाला सांगतो कोन?" तिने सरांच्या हातातलं हॉल तिकीट घेतलं, दोन बोटं वाटीत बुडवली आणि फोटोला फासली. "घ्या. आता जुलतंय का बगा."

सरांनी तिकिटाकडे पाहिलं, मग वाटीकडे. वाटीत अजून बरीच हळद होती.

"बसा," ते नमिताला म्हणाले.

थोड्या वेळाने खाली बँडवाले आले. पुतळा जिन्यातच ठाण मांडून बसली होती. "एक ठोका जरी वाजवलात ना, ढोल फोडीन! माजी पोर पेपर लिवतेय."

वर पहिलाच प्रश्न होता विद्यापीठांच्या स्वायत्ततेवर. नमिताला हसू आलं आणि ती लिहीत सुटली.

निकाल लागला तोवर ती सासरी रुळली होती. सेकंड क्लास. गुणपत्रिकेवर नाव मात्र 'कुमार नमित'.

"म्हणजे माझा मेव्हणा पास झाला?" तेजस पोट धरून हसला. नमिता आधी चिडली, मग तीही हसली. पण दुसऱ्या दिवशी बेलापूरला गेली, क्लार्ककडून नाव दुरुस्त करून घेतलं आणि तिथेच उभी राहिली.

"आता काय?" क्लार्कने विचारलं.

"एमएचे प्रवेश कुठे?"

"ते ऑफिस कालच हललं, मॅडम. कुठे, ते आम्हालाही कळलेलं नाही."

नमिताने पर्स खांद्याला अडकवली आणि शोधायला निघाली.