आल्हाद पागनीसची बोटं

माधव नगरात आल्हाद पागनीसकडे लोक दोन कारणांनी येत. एक गाडीच्या वायरिंगसाठी, दुसरं नवी थाप कुणाला मारली ते ऐकायला. मागच्या श्राद्धपक्षात तर त्याने कहर केला. दिलीप जटार म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त, बँकेतून रिटायर झालेला साधा माणूस. त्याला यानं गंभीर तोंड करून सांगितलं, की राम घाटावरच्या पंडाजींच्या वहीत तुझं नाव मेलेल्यांत चढलंय. दिलीप धोतर नेसून गेला आणि दोन तास पंडाजींशी भांडला, की मी जिवंत आहे, नाव काटा. पंडाजी वही दाखवतायत, नाव कुठंच नाही, आणि आल्हाद मागच्या पायरीवर भुट्टा खात बसलेला.

तर अशा माणसाकडे दिलीपचा मुलगा श्रेयस आपली जुनी एस्टीम घेऊन आला. इंदूरला गाड्यांचं प्रदर्शन होतं. त्याला बोनेटखाली सगळं साफ हवं होतं. उघडलं की इंजिन दिसावं, वायर एक दिसू नये.

काम किचकट. वायरी सरळ रस्त्यानं जातात म्हणून पुरतात. त्यांना मडगार्डच्या आतून, पत्र्यामागून वळसा द्यायचा तर हात-दीड हात कमी पडतात. मग एकेक कापायची, त्याच रंगाचा तुकडा जोडायचा, झाळायचं, वर नळी चढवून गरम करायची. सगळे जोड एका जागी आले तर जुडगा अजगरासारखा फुगतो, म्हणून ते मागेपुढे घ्यायचे. आल्हादनं अकरा दिवस लावले. बॅटरीसुद्धा उचलून डिकीत नेली, आणि तिची बोटभर जाडीची लाल वायर सीटखालून आणून इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भोक पाडून पुढे काढली.

पत्र्याच्या भोकाला धार असते. त्यात रबराचं बुश बसवतात, म्हणजे वायर कापत नाही. ते भोक डॅशबोर्डखाली, अशा कोपऱ्यात की डोकं जात नाही, हातच जातो. आल्हादची पद्धत बापापासूनची: जिथं डोळा पोचत नाही तिथं बोट फिरवायचं. बोट म्हणालं बसलं, की बसलं. गेली दोन वर्षं मात्र बोटं काहीच म्हणत नव्हती. शुगरनं ती बधिर केली होती. डॉक्टर सोडून हे कुणाला ठाऊक नव्हतं, बायकोला, सुमनलासुद्धा नाही. वायरमननं बोटं गेली म्हणून सांगणं म्हणजे दुकानाची चावी दुसऱ्याच्या हातात देणं. यानं बुश दाबलं आणि अंदाजानं मान हलवली.

रविवारी सकाळी श्रेयस गाडी घेऊन इंदूरला निघाला. बरोबर बायको देवश्री, तीन वर्षांची निहारिका आणि दिलीप. सुमन दुकान झाडत होती. तिच्या झाडूखाली काळं गोल काहीतरी आलं. तिनं विचारलं, हे ठेवायचं की फेकायचं?

आल्हादनं हातात घेतलं. तेच बुश. भोकात बसलंच नव्हतं, खाली पडलं होतं.

ती लाल वायर सरळ बॅटरीतून येते आणि यानं तिला मधे फ्यूज टाकला नव्हता. नागडा पत्रा तिला दर हिसक्याला कापणार. तांबं पत्र्याला टेकलं की संपलं, आग थेट पुढच्या सीटच्या पायाशी. त्यानं फोन लावला.

श्रेयसनं फोन स्पीकरवर टाकला. आल्हाद म्हणाला, गाडी बाजूला घे, आत्ता, आग लागेल.

"काका, मागच्या वेळी बोनेटमध्ये साप होता ना? त्याला विचारा, जळका वास येतोय का."

आत हशा पिकला. आल्हादनं आईची शपथ घेतली, तर दिलीप मागून म्हणाला, की तुझी आई तुझ्या शपथांनीच गेली बिचारी. आल्हादचा आवाज रडवेला झाला, तर देवश्रीनं वाहवा केली. त्यानं फोन सुमनच्या हातात कोंबला. ती कळवळून बोलली, पण मागच्या सापाच्या थापेत किंचाळून साथ देणारी तीच होती. देवश्री म्हणाली, काकू, आज ॲक्टिंग थोडी जास्त होतेय. मागून निहारिका टाळ्या पिटत होती.

आल्हादनं फोन परत घेतला. सुमन समोर उभी होती. पन्नास वर्षांत त्यानं एवढ्या थापा मारल्या होत्या, की खरं बोलायला तोंड कुठून उघडतात तेच सुचेना.

"दिल्या," तो म्हणाला, "माझ्या बोटांना काही कळत नाही रे."

बाकीच्यांचं हसणं थांबलं नाही, पण दिलीपचं थांबलं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. दोन्ही हात. बुश बसलं की नाही, मला कळलंच नाही. ते इथं माझ्या दुकानात पडलंय."

सुमन त्याच्या बोटांकडे बघत होती. फोनमधून नुसता इंजिनाचा आवाज. मग इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. मग इंजिन बंद.

इंदूरच्या वाटेवर, सांवेरच्या अलीकडे त्यांनी गाडी उभी केली होती. देवश्री पोरीला घेऊन लांब बाभळीखाली गेली. श्रेयसनं डिकी उघडून बॅटरीची वायर काढली आणि मग टॉर्च आणि देवश्रीचा छोटा आरसा घेऊन डॅशबोर्डखाली हात घातला. बऱ्याच वेळानं दिलीप फोनवर बोलला.

"तांबं दिसतंय."

एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

श्रेयस भांडायला आला नाही. गाडी टेम्पोवर घालून परभारे इंदूरच्या मिस्त्रीकडे गेली. गोष्ट मात्र गावभर झाली, आणि गाव पडलं आल्हादला ओळखणारं. निम्मे म्हणाले, पागनीसनं या वेळी हद्द केली. ज्यांना खरं वाटलं ते गाडी आणेनात, ज्यांना थाप वाटली ते टाचणी आणत. "दिखाओ भिया, कौनसी उंगली?" तो हात पुढे करायचा. सोंग करायची सवय जाईना, म्हणून एखाद्यानं टोचलं की ओरडून दाखवायचा. तो माणूस खूश होऊन जायचा आणि चौकात सांगायचा, की बघा, नाटक आहे.

तीन आठवड्यांनी दुपारी दिलीप आला. आल्हादला इतकं बरं वाटलं, की त्यानं विचारपूस न करता घाटावरच्या पंडाजींचा किस्साच परत सुरू केला, हातवारे करून, आवाज काढून. एक हात नाचत होता, दुसरा टेबलावर. दिलीप हसत नव्हता. खाली बघत होता. आल्हादनंही खाली बघितलं.

टेबलावरच्या हाताच्या तर्जनीत टाचणी अर्धी आत होती.

"कधी टोचलीस?"

"मघाशीच," दिलीप म्हणाला. "मला वाटलं, ओरडशील."

आल्हाद ती काढायला गेला. टाचणीचं डोकं चिमटीत येईना. दोनदा निसटलं. तिसऱ्या खेपेला दिलीपनंच काढली.