रफूखात्यात आलेल्या लान बाई

इटलीतल्या बिएल्ला गावातली आमची लोकरीची गिरणी मार्चमध्ये एका चिनी कंपनीने विकत घेतली. आधीचे मालक दर नाताळला आमच्याशी वाइनचे पेले भिडवून "सगळं ठीक चाललंय" म्हणायचे. विक्रीची बातमी मात्र आम्हाला पेपरात वाचायला मिळाली.

आठवड्याभरात चीनमधल्या वूशी शहरातून लान नावाच्या बाई आल्या. चाळिशीच्या, मोडकंतोडकं इटालियन बोलणाऱ्या. सरळ आमच्या रफूखात्यात शिरल्या आणि वूशीच्या गिरणीतल्या मुलींना हे काम शिकवाल का, असं विचारलं. मागावरून उतरलेल्या कापडात तुटलेला धागा बोटांनी शोधायचा आणि सुईने असा भरायचा की कुणाला कळू नये, हे आमचं काम. ऑर्नेल्ला त्यात सगळ्यांची गुरू. छत्तीस वर्षं मी तिच्या शेजारी बसतेय.

"शिकून घेणार आणि गिरणीला कुलूप ठोकणार," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "सुई नीट धरून दाखवू नकोस, पिएरा."

लान बाईंनी तिच्या टेबलावरच्या, तपासून झालेल्या कापडावरून तळहात फिरवला. मध्येच थांबल्या. "इथे एक राहिला."

ऑर्नेल्ला लालबुंद झाली. चष्मा चढवून तिने पाहिलं. राहिला होता.

"कुठे शिकलात?" तिने विचारलं.

"आई गिरणीत रफू करायची. आता आमच्या मुलींना हे काम नको असतं. डोळे जातात म्हणतात."

"मग आमच्या मुली काय वेगळ्या आहेत!" मी म्हणाले.

ऑर्नेल्लाने सुई खाली ठेवली. "खरं सांगा. आम्ही शिकवलं की गिरणी बंद करणार?"

"पाच वर्षं चालवायची, एवढं ठरलंय. पुढचं मला माहीत नाही."

ऑर्नेल्लाने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"इतकं स्पष्ट आम्हाला आजवर कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "शिकवते. पण तुमच्या मुली इथे येतील, मी तिकडे जायची नाही. आणि जितक्या तुमच्या, तितक्या आमच्या गावच्याही घ्यायच्या."

लान बाईंनी तिथूनच वूशीला फोन लावला. सप्टेंबरात तिकडून चौघी आल्या. आमच्या गावातून दोघीच मिळाल्या, त्यातली एक माझी सून निवेस. बाकीच्यांनी सुपरमार्केटची नोकरी पसंत केली. त्यावरून ऑर्नेल्ला दोन दिवस अख्ख्या गावावर धुसफुसत होती.

मग तिने सहाही जणींना एका रांगेत बसवलं, निवेसचा हात हुंगला आणि ओरडली, "क्रीम लावून आलीस? लोकरीवर डाग पडतात, बाई! जा, धुऊन ये. आणि जाताना या चौघींनाही नळ दाखव."