उपरण्याखालचा हात

कापसाच्या बाजारात परत जायच्या सकाळी कवडूजी दलालांनी तीनदा हात धुतले. साबणानं दोनदा, आणि बायको मनकर्णाबाई पाहत नाहीत असं बघून एकदा राखेनं.

भाद्रपदात ते मुंबईला गेले तेव्हा नागपूर आपली राजधानी होती. मार्गशीर्षात परतले तेव्हा राज्यांच्या नव्या वाटणीत नागपूर परराज्यात गेलेलं, आणि आपल्या पांढुर्ण्याचा कारभार भोपाळकडे. मधल्या काळात कॅन्सरपायी त्यांचा डावा गाल आतून कापला गेला, वरून रेडियमचा शेक बसला. दोन्ही कापाकाप्या तब्येतीच्या भल्यासाठीच आहेत, असं दोन्हीकडच्या जाणकारांचं म्हणणं होतं.

रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण सांगितलं इंग्रजीत. कंपाउंडरनं ते गुजरातीत फिरवलं आणि शेजारच्या खाटेवरच्या सुरतेच्या माणसानं हिंदीत. तीस वर्षं दलालीत काढलेल्या माणसाचा इतक्या हातांतून आलेल्या मालावर विश्वास कसा बसावा? घरी त्यांचा पेला वेगळा होता. तो मनकर्णाबाईंनी ठेवला असं शेजारच्या देवकाबाई गावभर सांगत. खरं तर तो कवडूजींनीच वेगळा केला होता, आणि मनकर्णाबाई त्यावरून दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

बाजारात भाव तोंडानं ठरत नसे. शेतकऱ्याचा दलाल आणि घेणारा व्यापारी उपरण्याखाली हातात हात घेत. बोट दाबलं की रुपया, पेर दाबलं की चार आणे. वर दोघंही लेकीबाळींची खुशाली विचारत बसत, आणि कोणाला पत्ता लागत नसे. तेव्हा दलालाचं तोंड वाकडं झालं तरी चालतं. हात धरणारं कोणी उरलं नाही, तर मात्र तो संपला.

कवडूजी सौंसरकडच्या रामाजी शेतकऱ्याच्या बैलबंडीपाशी बसले. गालावरचा व्रण उपरण्यानं झाकलेला. सौदा करायचा तर तेच उपरणं हातांवर घ्यायचं, म्हणजे गाल उघडा. ऊन डोक्यावर येईपर्यंत व्यापारी त्यांना वळसा घालून जात राहिले. शेवटी त्यांतले केशवराव अडकले. त्यांना माल हवाच होता. त्यांनी दोन बोटांची टोकं उपरण्याखाली सरकवली. कवडूजींनी रिवाजाप्रमाणे अवाच्या सवा भाव दाबला. केशवरावांनी लगेच होकाराची मान हलवली, हात काढला आणि तडक नळावर गेले.

असा भाव त्या हंगामात कोणाला मिळाला नव्हता. रामाजीनं तो रस्ताभर सांगितला. पुढच्या बाजाराला कवडूजींपाशी आठ बंड्या, त्याच्या पुढच्याला वीस. घासाघीस करायला कोणी थांबतच नव्हतं. एका शेतकऱ्यानं तर अदबीनं सुचवलं, की उपरणं गालावरून आधीच काढून बसलात तर अजून बरं.

धंदा असा कधी चालला नव्हता, आणि कवडूजी असे कधी भ्याले नव्हते. रात्री ते ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची नावं आठवत, त्यातला कोणी खोकला तर नाही ना हे सकाळी पाहत. आणि वाटे, माणसं मढ्याशी भाव करत नाहीत, म्हणेल ते देऊन मोकळी होतात.

जिनिंगवाले भैय्याजी तेवढे अजून यायचे होते. महिनाभर अमरावतीला अडकले होते. चार आण्यांसाठी पाऊण पाऊण तास हात न सोडणारा माणूस. भैय्याजीही पहिल्याच भावाला हो म्हणाले, तर आपलं काही खरं नाही, असं कवडूजींनी मनाशी ठरवून टाकलं. म्हणून ते आल्याचं कळलं तेव्हा यांनी पुन्हा एकदा राखेनं हात धुतले.

भैय्याजी आले, रामाजीच्या बंडीतला कापूस चिमटीत ताणून पाहिला, फतकल मारून बसले. कवडूजींनी उपरणं पसरलं. आत अख्खा पंजा आला. कवडूजींनी भाव दाबला न दाबला आणि हात मागे ओढला. तो सुटेना.

"सोड, भैय्याजी," ते हळूच म्हणाले. "डॉक्टरचं बोलणं मले नीट समजलं नाही."

"मले तुझा भाव समजून नाही राहिला. नीट दाब."

"तुले भेव नाही लागून राहिलं?"

"लागून राहिलं न," भैय्याजी म्हणाले. "पन या भावाचं जास्त लागून राहिलं."

आणि त्यांनी एकदम तीन बोटं खाली दाबली. त्यांचा तळवा घामानं ओला होता. पण पकड तीच, जुनी, चिवट. कवडूजींनी एक पेर सोडलं. भैय्याजींनी एक पेर चढवलं, आणि वर तोंडानं, कवडूजींच्या धाकट्या पोरीचं लग्न कुठवर आलं म्हणून विचारलं. कवडूजींच्या उघड्या गालावरून डोळ्यातलं पाणी ओघळलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

रामाजीचा चेहरा उतरला. बाकीच्या व्यापाऱ्यांनी इकडे मान वळवली, हे त्यानं पाहिलं होतं; आता तेही घासाघिशीला बसणार. त्यानं दोनदा खाकरून पाहिलं, मग लवकर आटपा म्हणाला. पाऊण तास उलटून गेला होता. अंतर दोन पेरांचं उरलं होतं, आणि कवडूजींना त्यातलं एकही सोडायची घाई नव्हती.